मध्यंतर सांगणारी

रिकाम्या तलावातल्या त्या कार्यक्रमाची गाणी आपसांत वाटून घेतली गेली, तेव्हा धाकटी आत चहा गाळत होती. सगळा घोळ तिथेच झाला.

ती ट्रे घेऊन बाहेर आली तोवर वाटप उरकलं होतं. पहिलं गाणं ताईने घेतलं होतं. प्रेमाबिमाची जेवढी होती तेवढी दातांच्या डॉक्टरांनी उचलली होती, प्रवासाची बसवाल्या काकांनी. आणि शेवटचं गाणं, ज्यामुळे त्या संध्याकाळचं नाव अजून निघायचं, ते भावजींनी खिशात घातलं होतं.

"आणि मला?" धाकटीने विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. डॉक्टरांनी लगबगीने कप उचलला.

"मध्यंतर घेतलंय का रे कोणी?" भावजी म्हणाले.

कोणीच घेतलेलं नव्हतं.

तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेच्या आसपासच्या एका रविवारी दुपारी ही मंडळी भावजींच्या पडद्यांच्या दुकानात जमायची, शटर अर्धं ओढून घ्यायची, कापडाच्या गठ्ठ्यांवर बसायची आणि तो कार्यक्रम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या टाळीपर्यंत सांगायची. त्याचं रेकॉर्डिंग कोणाकडेच नव्हतं, म्हणून तर सांगायचं. ज्याचं गाणं त्याने सांगायचं, बाकीच्यांनी माना डोलवायच्या. मध्यंतराची पाळी आली की धाकटी उठून उभी राहायची आणि स्वच्छतागृहापुढची रांग किती लांब होती, ती कुठे वळली होती आणि नळाला पाणी कसं नव्हतं, हे नीट क्रमाने सांगायची. डॉक्टर नेमके त्याच वेळी पाय मोकळे करायला बाहेर जायचे.

ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, त्या गायकाला हे लोक 'दाढीवाला' म्हणत. तो स्वतः गाणी लिहायचा, स्वतः चाली लावायचा आणि गिटार घेऊन स्वतःच गायचा, त्यामुळे काही चुकलं तर दोष द्यायला त्याच्याकडे दुसरं कोणी नसायचं. त्या संध्याकाळी नाट्यगृहाचं छत ऐन वेळी गळायला लागलं, म्हणून आयोजकांनी सगळ्यांना शेजारच्या, वर छप्पर असलेल्या पोहण्याच्या तलावात नेलं होतं. तलावाचं रंगकाम चालू होतं, पाणी काढलेलं होतं. प्रेक्षक खाली फरशीवर मांड्या घालून बसले आणि दाढीवाला वर काठावर. ताईला तेव्हा सातवा महिना होता. तिला कोणी खाली उतरू दिलं नाही. काठावर एक खुर्ची टाकून तिला बसवलं. खाली धाकटी आणि भावजी शेजारी शेजारी.

शेवटच्या गाण्याच्या आधी कोणीतरी येऊन ओरडलं की, एका निळ्या गाडीने सगळ्यांचा रस्ता अडवलाय. गाडी भावजींची होती. ते "आलोच" म्हणून उठले, आणि परतले तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मधल्या वेळात दाढीवाल्याने गिटार बाजूला ठेवली होती. काठावरून पाय खाली सोडून त्याने नुसत्या गळ्याने एक नवं गाणं म्हटलं. दुसऱ्या कडव्यात शब्द विसरला, हसला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ते गाणं त्याने नंतर कधीच, कुठेच म्हटलं नाही. घरी जाताना गाडीत ताई मागच्या सीटवर झोपली होती आणि भावजी हळू आवाजात विचारत होते, "कसं होतं गं? सांग ना. मग? मग काय झालं?" धाकटीने सगळं सांगितलं. ताई रडत होती, हेही सांगितलं.

तेच गाणं भावजी आता दर वर्षी सांगत होते. सांगत छान होते, हे तिलाही मान्य करावं लागे. पडदे विकणारा माणूस. उजेड कुठून येतो आणि कुठे अडवायचा, हे त्यांना बरोबर कळायचं. शेवटी ते आवाज उतरवायचे आणि म्हणायचे, "मी मान वर करून बघितलं, तर ही रडत होती." मग ताई पदर डोळ्यांना लावायची. त्या पदरापायी धाकटीचं तोंड इतकी वर्षं बंद होतं. भावजींचा बुरखा फाडावा तर तो नेमका ताईच्या पदरावर फाटायचा.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. रेडिओवर कार्यक्रम करणारी एक मुलगी दुकानात पडदे घ्यायला आली, भावजींच्या तोंडून तलावाची गोष्ट ऐकली आणि पडदे विसरली. यंदाच्या रविवारी ती यंत्र घेऊन येणार होती. सगळ्यांचं सांगणं टिपून घेऊन ती ते दाढीवाल्याला पाठवणार होती. त्याने गाणं सोडून बरीच वर्षं झाली होती. तो कुठेतरी लांब राहत होता आणि फोन उचलत नव्हता, पण पोस्टाने आलेलं ऐकायचा म्हणे.

म्हणजे दाढीवाला तिचा आवाज एकदाच ऐकणार, आणि त्यात काय? तर स्वच्छतागृहाची रांग.

ती थेट भावजींकडे गेली. ते काउंटरवर पट्टी घेऊन अस्तर मोजत होते.

"भावजी, यंदा शेवटचं मी सांगू?"

"मेव्हणीबाई," भावजी पट्टीवरून नजर न हलवता म्हणाले, "शेवटच्या गाण्याला घसा लागतो. तू सांगशील तापमान किती होतं ते."

"सांगितलं तर बिघडलं कुठे?"

"आणि मध्यंतर कोण सांगणार? ते तुझ्याइतकं कोणालाच जमत नाही."

त्यांनी एवढ्या मनापासून म्हटलं की तिला आणखीच राग आला.

धाकटी पाण्याच्या प्रयोगशाळेत होती. शहरभरातून बाटल्या यायच्या, त्या ती तपासायची. तिथे एक रीत होती. तपासायच्या बाटल्यांत एक बाटली मुद्दाम बिघडवून ठेवायची. काय आणि किती घातलंय ते आपल्याला माहीत. यंत्राने ती पकडली तर यंत्र ठीक. नाही पकडली, तर यंत्र समोर येईल ते गोड मानून घेतंय, असं समजायचं आणि ते बाजूला काढायचं. दुसऱ्या दिवशी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता ती एकदम थांबली आणि एकटीच हसली. शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंनी विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "काही नाही, एक यंत्र तपासायचंय."

जो माणूस तिथे नव्हताच, तो 'असं नव्हतं' म्हणणार कुठल्या तोंडाने? त्याला खोटं खरं वेगळं करताच येणार नाही. थोडंथोडं खोटं त्याच्या घशाखाली उतरवत जायचं. रविवारी ते सगळं बाहेर येईल, लोकच हसतील आणि भावजी कानाला खडा लावून गाणं खाली ठेवतील. ताईला धक्का नाही, आपलं नाव कुठे नाही.

पहिला डोस अगदी हलका होता. संध्याकाळी दुकानात शिरून तिने सहज म्हटलं, "काल मला त्याचे बूट आठवले, भावजी. शेवटच्या गाण्याआधी काढले होते बघा."

भावजींची पट्टी क्षणभर हवेत थांबली. "हो तर," ते म्हणाले. "शेजारी शेजारी ठेवले होते. नीट."

"नीट?"

"अगदी नीट. आणि मोज्याला भोक होतं."

भोक धाकटीने घातलं नव्हतं. ते भावजींचं स्वतःचं.

प्रयोग करायचा तर तुलनेला काहीतरी हवं, म्हणून तिने ताईला गाठलं. ताई इस्त्री करत होती.

"ताई, दाढीवाल्याने बूट काढले होते का गं?"

"छे! त्या गारठ्यात? काढेल कशाला?" ताई म्हणाली आणि कॉलरवर इस्त्री दाबली. धाकटीला फार बरं वाटलं. तिथे असलेला माणूस पकडतो, नसलेला गिळतो. चोख.

पुढच्या वेळी तिने कबूतर सोडलं. गाणं चालू असताना ते छतातून आलं आणि समोरच्या काठावर बसून राहिलं, एवढंच. भावजींनी कबुतराला दोन दिवसांत मान दिली, रंग दिला आणि दाढीवाला शब्द विसरला तो त्या कबुतराकडे बघताना, असा त्याला कामधंदाही लावून दिला. मग तिने शिडी आणली. शिडीची तिला थोडी धास्ती होती, कारण शिडी म्हणजे फारच झालं. पण रंगाऱ्यांच्या शिड्या त्या दिवशी कोपऱ्यात खरोखरच होत्या, तेव्हा तेवढा आधार होता. म्हणाली, "शेवटच्या कडव्याला तो शिडीवर चढला आणि वरून गायला, ते मला कधीकधी स्वप्नात दिसतं."

भावजींनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. खिडकीचं माप घेताना बघतात तसं.

"किती पायऱ्या चढला गं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच बघितलंत की."

"हो हो. वरपर्यंत गेला होता."

त्या रात्री जेवताना तिने खात्रीसाठी ताईला पुन्हा विचारलं. ताईने भाजी वाढता वाढता सांगितलं, "बूट ना? काढले होते की. मोज्याला भोक होतं बिचाऱ्याच्या."

धाकटीचा घास तोंडात तसाच राहिला. तुलनेची बाटलीच बिघडली होती. एका छताखाली राहिल्यावर दुसरं काय होणार? पण आता माघार घ्यायला वेळ नव्हता.

रविवारी रेडिओवाली आली आणि दुकान बघून तिने टाळीच वाजवली. टाळीचा आवाज कापडात जिरून गेला. "घुमत नाही अजिबात! आमच्या स्टुडिओपेक्षा बरं आहे," ती म्हणाली. भावजींनी ते कौतुक स्वतःचं समजून घेतलं. छोटं काळं यंत्र मधल्या स्टुलावर ठेवलं गेलं, आणि ते बघून बसवाले काका एवढे सावरून बसले, जणू तिकीट तपासनीसच चढलाय.

ताईने पहिलं सांगितलं. डॉक्टरांनी प्रेमाची सांगितली आणि एका ठिकाणी स्वतःच गहिवरले. काकांनी हाताने स्टिअरिंग फिरवत प्रवासाची सांगितली. मध्यंतर आलं. धाकटी उठली, रांग सांगितली, नळ सांगितला.

"हे थोडं कापावं लागेल," रेडिओवाली प्रेमाने म्हणाली.

"किती?"

"बघू. बहुतेक सगळं."

डॉक्टर पाय मोकळे करून परत आले. "झालं का मध्यंतर?" त्यांनी विचारलं आणि ऐसपैस बसले. धाकटीने मनात म्हटलं, थांबा जरा, आता शेवटचं येतंय.

भावजींनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. दाढीवाल्याने गिटार खाली ठेवली. बूट काढले, मोज्याला भोक होतं. धाकटीने सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली; आता कोणीतरी म्हणणार, 'कसले बूट?'

"डावा मोजा," डॉक्टर हळूच म्हणाले. "भोक डाव्या मोज्याला होतं. अंगठा दिसत होता."

"मला वाटतं दोन्ही," काका म्हणाले.

"डावा, हो. मी समोर होतो."

कबूतर आलं. काकांनी मांडीवर थाप मारली. "अगदी बरोबर! ते माझ्या डोक्यावरूनच गेलं. मी म्हटलं, आता शर्ट जातोय." रेडिओवाली तोंडावर हात ठेवून हसत होती आणि यंत्रावरचा लाल दिवा शांतपणे सगळं टिपून घेत होता. मग शिडी आली. भावजींनी ती भिंतीपासून उचलली, तलावाच्या मधोमध उभी केली, दाढीवाल्याला एकेक पायरी वर चढवलं, आणि पडद्यांच्या त्या बंद दुकानात सगळ्यांच्या माना हळूहळू वर गेल्या. ताईचीसुद्धा.

"शिडी नव्हती," धाकटी म्हणाली.

तिचं तिलाच कळलं नाही कसं ते तोंडातून निसटलं. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"अगं, नव्हती काय?" ताई म्हणाली. "मी वरून बघत होते. मला तर वाटलं, पडतोय आता."

"ताई, तो काठावर बसला होता. पाय सोडून. बूट घालून. विसरला, हसला, पुन्हा म्हटलं. एवढंच झालं."

"एवढंच?" काका दुखावल्यासारखे म्हणाले.

रेडिओवालीने तिच्याकडे समजुतीने बघितलं. "तुम्ही फार मागे बसला होतात का?" तिने विचारलं.

डॉक्टर फिस्सकन हसले. धाकटीचे कान तापले. जे तिथे होते त्यांनी तिच्या डोळ्यांदेखत तिचं खोटं खरं केलं होतं, आणि तिच्याजवळचं एकुलतं एक खरं फाटक्या मोज्याइतकंही कोणाला नको होतं. दाढीवाला हे ऐकणार. बूट ऐकणार, कबूतर ऐकणार, आणि मध्येच कोणीतरी बाई 'शिडी नव्हती' म्हणतेय, तेही बहुतेक कापलेलं असणार. गाणं तर गेलंच होतं, वर ते तिनेच सजवून, नटवून भावजींच्या हाती दिलं होतं.

"पण मला एक सांगा," रेडिओवाली भावजींकडे वळली. "रिकाम्या तलावात मधोमध शिडी उभी कशी राहिली? कोणी धरली होती का?"

बाहेर अर्ध्या शटरखालून कोणाचे तरी पाय चालत गेले. डॉक्टर विचारात पडले. काकांनी छताकडे बघितलं. आपण धरली होती असं म्हणायचा मोह दोघांच्याही चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता, पण डॉक्टर तर समोर होते आणि काका कबुतराखाली.

"हिने," भावजी म्हणाले.

त्यांचं बोट धाकटीकडे होतं.

"काय?" धाकटी म्हणाली.

"हीच धरून उभी होती. म्हणून तर तिला शिडी आठवत नाही. शिडी धरणाऱ्याला दिसतात फक्त पायऱ्या." भावजी उठले. "खरं म्हणजे, हे गाणं हिनेच सांगायला हवं. सगळ्यात जवळ हीच होती. मी ऐकलंय ते हिच्याकडूनच."

"आणि तुम्ही कुठे होतात हो?" ताईने विचारलं.

"मी?" भावजी म्हणाले. "मी मागे होतो. गाडीच्या बाजूला."

हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं, की ताईला त्यात काही वावगं वाटलंच नाही. रेडिओवाली यंत्र उचलून धाकटीच्या पुढ्यात आणण्यासाठी वायर सोडवत होती. तेवढ्यात भावजी स्वतःचा गठ्ठा तिच्यासाठी पुढे सरकवायच्या निमित्ताने वाकले.

"बुटांपर्यंत मी विश्वास ठेवला," ते तिच्या कानाशी पुटपुटले. "कबुतराला मला शंका आली. पण शिडी, मेव्हणीबाई? एवढं मोठं कापड मी आजवर कोणाच्या गळ्यात मारलेलं नाही."

"मग सांगितलंत कशाला?" ती दातांवर दात ठेवून म्हणाली.

"मला वाटलं, तू केव्हातरी थांबशील. तू थांबेचनास." त्यांचे डोळे चमकत होते. "आता धर शिडी."

लाल दिवा तिच्यासमोर आला. धाकटीने आयुष्यात कधी अहवालात एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. आता 'नाही, मी काही धरलं नव्हतं' असं म्हटलं, की सगळं संपत होतं. मध्यंतर तिचंच राहणार होतं, तेही कापलेलं. सगळे थांबले होते. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"शिडीला ओला रंग होता," ती म्हणाली. "पांढरा. माझ्या तळव्याला लागला."

डॉक्टर पुढे सरकून बसले.

मग ती सांगत गेली. गिटार खाली ठेवली ते सांगितलं, तेव्हा फरशीवर झालेला बारीक आवाज सांगितला, आणि तो आवाज खरा होता. दुसऱ्या कडव्यात तो अडला तो कुठल्या शब्दावर अडला, तेही सांगितलं. इतक्या वर्षांत ते कोणीच सांगितलं नव्हतं, कारण कोणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. तो कसा हसला ते सांगताना तिला स्वतःलाही तसंच हसू आलं. मग पुन्हा पहिल्यापासून गाणं. त्याची पहिली ओळ तिने बोलून दाखवायच्या ऐवजी गुणगुणलीच, अगदी हळू, आणि कापडाच्या गठ्ठ्यांनी ती ओळ जपून ठेवल्यासारखी जिथल्या तिथे राहिली. काका आ वासून बघत होते.

"मी मान वर केली," धाकटी म्हणाली, "तर काठावर ताई रडत होती."

ताईचा पदर डोळ्यांना गेलाच. भावजींनी दोन्ही हात छातीवर बांधले होते आणि गिऱ्हाइकाने स्वतःहून महागातलं कापड निवडावं तशा समाधानाने ते मान डोलवत होते. तिचं सांगून झालं होतं. इथे थांबायला हवं होतं, हे तिला कळत होतं. पण खोली अजून तिच्याकडे बघत होती आणि असं आजवर कधी झालं नव्हतं.

"मग तो एक पायरी खाली उतरला," तिने म्हटलं, "वाकला, आणि मला काहीतरी म्हणाला."

"काय म्हणाला?" रेडिओवालीने विचारलं.

"हे तू कधी बोलली नाहीस गं!" ताई म्हणाली.

"हो ना," भावजी अगदी साळसूदपणे म्हणाले. "काय म्हणाला?"

धाकटीने शेजारचा पाण्याचा पेला उचलला. सगळे पुढे झुकले होते. तिने सावकाश, खूप सावकाश एक घोट घेतला. काय म्हणाला असेल बरं?